राजधानींतील बिऱ्हाडें

'राजधानी' हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम मंत्रालय, विधानभवन, उच्च न्यायालय आणि त्यांच्या भोंवतालचे रुंद रस्ते उभे राहतात. हें चित्र खोटें नाहीं, पण तें अपुरें आहे. राज्य चालविणाऱ्या कचेऱ्या कोठेंहि बांधतां येतात. परंतु ज्या शहरांत कचेऱ्यांपासून हांकेच्या अंतरावर ग्रंथालय, नाटकगृह, वस्तुसंग्रहालय आणि गाण्याची बैठक असते, आणि त्यांच्या शेजारीं साधीं माणसें बिऱ्हाड करून राहतात, तेंच शहर राजधानी या नांवास खऱ्या अर्थानें शोभतें. १ मे १९६० रोजीं मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. तथापि मराठी विद्येची आणि कलेची राजधानी, पुण्याच्या बरोबरीनें, ती त्यापूर्वीं शंभर वर्षांपासून होऊं लागली होती. ही दुसरी राजधानी कोणीं उभारली, ती कोणत्या खोल्यांतून राहत होती, आणि तिचे रहिवासी पुढें कोठें गेले, याचा थोडा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

मुंबईचा किल्ला म्हणजे आजचा फोर्ट. ही इंग्रजांची तटबंद पेठ होती. १८०३ सालीं किल्ल्यांतील बाजाराला मोठी आग लागून पुष्कळ घरें जळालीं, आणि त्यानंतर एतद्देशीय वस्ती तटाबाहेर उत्तरेकडे अधिकाधिक वाढूं लागली. तट आणि ही नवी वस्ती यांच्यामध्यें तोफांच्या माऱ्यासाठीं मोकळें राखलेलें मैदान होतें. सर बार्टल फ्रिअर १८६२ सालीं गव्हर्नर झाल्यावर त्यांच्या कारकीर्दींत हे तट पाडण्यांत आले, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी वास्तूंची ती प्रसिद्ध रांग उभी राहिली. टाउन हॉल त्यापूर्वींचा, १८३३ सालचा. एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह त्यांतच आहे. विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली, आणि राजाबाई मनोरा व त्यास जोडलेलें ग्रंथालय १८७८ सालीं पुरें झालें. या कामास प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानें द्रव्य दिलें व मनोऱ्यास आपल्या मातेचें नांव दिलें. डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० सालची. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला १९०५ सालीं बसली. मधल्या काळांत, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत, त्या इमारतींत लष्करी रुग्णालय होतें, आणि लोकांसाठीं तिचीं दारें १९२२ सालीं उघडलीं. १९९८ पासून तेंच छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नांवानें ओळखलें जातें.

या वास्तूंचें वैभव निर्विवाद आहे. परंतु संध्याकाळीं कचेऱ्यांचीं दारें लागलीं कीं फोर्टमधील बहुतेक रस्ते ओस पडत, कारण तेथें घरें थोडीं आणि कचेऱ्या फार. शहराची संध्याकाळ दुसरीकडे उगवत असे. ती काळबादेवी, ठाकुरद्वार, गिरगांव आणि ग्रँट रोड या भागांत. मधलें अंतर फार नव्हतें. धोबी तलाव ओलांडला कीं दुसरें शहर सुरू होई. या दुसऱ्या शहरांत सरकारनें फारसें कांहीं बांधलें नाहीं. तेथील संस्था लोकांच्या वर्गणींतून, व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून आणि कारकून-मास्तरांच्या फावल्या वेळांतून उभ्या राहिल्या. त्यामुळें त्यांचा थाट कमी, परंतु राबता मोठा.

प्रारंभ रंगभूमीपासून करूं. १८४६ सालीं ग्रँट रोडवर नाटकगृह उघडलें. त्यास जागा दिली ती जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांनीं. सांगलीस १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' करणारे विष्णुदास भावे १८५३ सालीं मंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हां त्यांचे खेळ याच नाटकगृहांत झाले, आणि तिकीट काढून मराठी नाटक पाहण्याची संवय मुंबईकरांस लागली. पारशी नाटक मंडळ्यांचा उदयहि त्याच वर्षांतला. पुढें ग्रँट रोडच्या आसपास नाटकगृहांची एक वसाहतच झाली. १९२१ सालीं टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं मिळून 'मानापमाना'चा जो संयुक्त प्रयोग केला, तो येथल्याच बालीवाला नाटकगृहांत.

चित्रपटाची कथा अशीच आहे. १८९६ सालीं ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं तीं किल्ल्याच्या हद्दींतील वॉटसन हॉटेलांत. तेथें साहेबांची गर्दी. परंतु दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आला तो गिरगांवच्या कॉरोनेशन थिएटरांत, आणि पहिला हिंदी बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजीं लागला तो गिरगांवच्याच मॅजेस्टिकमध्यें. नवी कला परदेशांतून बंदरावर उतरे किल्ल्याशेजारीं, पण घर करी ती गिरगांवांत.

ग्रंथांचें आणि गाण्याचें तेंच. जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना काळबादेवीच्या कोलभाट गल्लींत. त्याच्या सुबक टाइपांत छापलेले संस्कृत ग्रंथ काशीपासून युरोपपर्यंतचे पंडित वापरीत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालीं स्थापन झालें, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ सालीं. 'सत्यकथा' मासिक, जें १९८२ सालीं बंद पडलें, गिरगांवच्या खटाववाडींतून निघे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास काढलेलें गांधर्व महाविद्यालय १९०८ सालीं मुंबईस आणलें. प्रा. बा. र. देवधर यांच्या गिरगांवांतील संगीत विद्यालयांत कुमार गंधर्व लहान वयांत शिकले. १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्याच वर्षीं केशवजी नाईकांच्या चाळींत गणपति बसला, आणि त्या निमित्तानें व्याख्यान, कीर्तन आणि मेळा चाळीच्या अंगणांत आला.

आतां प्रश्न असा उद्भवतो कीं, एवढ्या संस्था एवढ्याशा जागेंत कशा जगल्या? त्यांस सरकारी अनुदान नव्हतें म्हणावें इतकें अल्प, आणि गिऱ्हाईक तर बहुधा पगारदार कारकून. माझ्या मतें याचें उत्तर नाटकगृहांत सांपडत नाहीं. तें चाळींत सांपडतें.

चाळ म्हणजे काय, हें आजच्या मुलांस सांगावें लागेल. लांबच लांब सज्जा, त्यावर ओळीनें उघडणाऱ्या एक-दोन खोल्यांच्या जागा, आंत मोरी, वर माळा, मजल्याच्या टोंकाला सामाईक शौचकूप, आणि पहांटे नळाला पाणी आलें कीं सर्व मजल्याची एकदम उठाउठ. अशा एका बिऱ्हाडांत आईबाप, चार-पांच मुलें, गांवाहून शिकावयास आलेला पुतण्या आणि एखादी वृद्ध आत्या इतकीं माणसें असत. घरांत बसावयास जागा नाहीं. म्हणून माणूस बाहेर पडे. बाहेर सज्जा, सज्जाखालीं अंगण, अंगणापुढें गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशीं वाचनालय. ज्याला घरीं दिवाणखाना नव्हता त्याचा दिवाणखाना म्हणजे संस्थेचें सभागृह. ज्याला अभ्यासाची खोली नव्हती त्याची अभ्यासिका म्हणजे वाचनालयाचें लांबट टेबल. ज्याला बाग नव्हती त्याची बाग म्हणजे चौपाटीची वाळू. संस्थांस श्रोते दिले ते खोलीच्या अपुरेपणानें, आणि खोलीचा अपुरेपणा सुसह्य केला तो संस्थांनीं. हें परस्परांचें देणें-घेणें ध्यानांत घेतल्याशिवाय गिरगांवचा इतिहास समजत नाहीं.

दुसरी गोष्ट अंतराची. जुनीं संगीत नाटकें पांच अंकांचीं. तीं रात्रीं सुरू होत आणि कित्येकदां पहांटेपर्यंत चालत. प्रेक्षक पायीं घरीं जाई, म्हणून त्याला घड्याळाकडे पाहावें लागत नसे. घोड्यांची ट्राम १८७४ सालीं व विजेची १९०७ सालीं आली खरी, पण गिरगांवकराला व्याख्यानाला, गाण्याला किंवा नाटकाला जावयास वाहनाची गरज क्वचितच पडे. ज्या कार्यक्रमाला पायीं जातां येतें, त्याला माणूस सहज जातो. ज्याला प्रवास करावा लागतो, त्याला तो ठरवून जातो. आणि जें ठरवावें लागतें तें पुष्कळदां राहून जातें. संस्कृतीचें पुष्कळसें गणित या एका वाक्यांत आहे.

हें सर्व केवळ करमणुकीपुरतें नव्हतें, याचें एक उदाहरण सर्वांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. परळच्या चाळींतील एका खोलींत राहणारा एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेंत येऊन वाचीत बसे. त्याच बागेंत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक येत असत. त्यांनीं त्या मुलाची चौकशी केली, त्याला वाचावयास पुस्तकें दिलीं, आणि १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला तेव्हां स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शहराच्या मध्यभागीं एक सार्वजनिक बांक होता, त्यावर एका मुलास बसतां आलें, आणि तेथें एक शिक्षक भेटला. इतक्या थोड्या साधनांचें केवढें फळ!

तथापि जुन्या दिवसांची आठवण काढतांना त्यांस सोन्याचा मुलामा देणें हा प्रामाणिकपणा नव्हे. गिरगांवच्या पुष्कळ चाळी जातीजातींच्या होत्या, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला तेथें खोली मिळणें दुरापास्त होतें. ज्या बागेंत आंबेडकरांस बसतां आलें, तिच्या भोंवतींच्या किती चाळींत त्यांना बिऱ्हाड करतां आलें असतें? गिरणी कामगारांची वस्ती परळ-लालबागेस. त्यांचीं भजनें, त्यांचे तमाशे, त्यांचीं हौशी नाटकें हा दुसराच संसार होता, आणि गिरगांवच्या विद्वानांनीं त्याकडे पुरेसें लक्ष दिलें नाहीं. शिवाय कोंदट खोल्या आणि तुंबलेलीं गटारें यांचा दंड केव्हांतरी भरावाच लागणार होता. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग उद्भवला आणि शहरांतून लाखों माणसें पळालीं.

गिरगांवच्या वस्तीचें विसर्जन येथूनच सुरू झालें, असें म्हणतां येईल. १८९८ सालच्या कायद्यानें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निर्माण झाला. त्यानें दाट वस्तींतून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, कामगारांसाठीं चाळी बांधल्या, आणि दादर-माटुंगा या बाजूस हवेशीर नव्या वसाहती आंखल्या. १९२५ सालीं विजेची आगगाडी आली व १९२८ सालीं ती बोरीवलीपर्यंत पोंचली. आतां कचेरी फोर्टांत आणि घर पार्ल्यास, हें कारकुनालाहि शक्य झालें. ज्यांची ऐपत वाढली ते प्रथम गेले. त्यांच्या मागून त्यांचे भाऊ, जावई आणि स्नेही गेले.

यानंतर आला १९४७ सालचा भाडेनियंत्रणाचा कायदा. महायुद्धामुळें जागेची टंचाई भयंकर होती. घरमालकानें मनास येईल तसें भाडें वाढवूं नये, म्हणून १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तें प्रमाण धरण्यांत आलें. हेतु योग्य होता, आणि त्या कायद्यामुळेंच हजारों सामान्य कुटुंबें शहराच्या मध्यभागीं टिकलीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु जो उपाय टंचाईपुरता योजला तो अर्धशतक राहिला. भाडें दहा-वीस रुपयांवर थांबलें, आणि गवंड्याची मजुरी, लांकूड व सिमेंट यांचे भाव थांबले नाहींत. मालकास दुरुस्ती परवडेना. भाडेकरूस जागा सोडवेना, कारण इतक्या भाड्यांत दुसरी जागा मिळणार कोठें? खोली बदलतांना पागडीचा व्यवहार बोकाळला. इमारती कोसळूं लागल्या तेव्हां १९६९ सालच्या कायद्यानें दुरुस्ती मंडळ नेमून मालमत्तेवर उपकर बसविण्यांत आला. जुन्या चाळींस 'उपकरप्राप्त इमारती' म्हणतात तें यावरून. १९९९ सालीं नवा भाडेकायदा झाला, तरी जुन्या भाडेकरूंचें संरक्षण बव्हंशीं कायमच राहिलें. अशा रीतीनें इमारत म्हातारी झाली, भाडेकरू म्हातारा झाला, आणि त्याचीं मुलें लग्न झाल्यावर डोंबिवली, ठाणें किंवा गोरेगांवास राहावयास गेलीं.

हें केवळ अनुमान नव्हे. शिरगणतीचे आंकडे तेंच सांगतात. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या भागाची लोकसंख्या २००१ सालीं सुमारें ३३ लाख ३८ हजार होती. २०११ सालीं ती सुमारें ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजारांवर गेली. शहराचें अंग वाढत होतें आणि हृदय मात्र रिकामें होत होतें.

श्रोते गेले, तेव्हां संस्थाहि त्यांच्या मागून निघाल्या. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचें मुख्य ठाणें दादर-नायगांवला गेलें. साहित्य संघानें गिरगांव सोडलें नाहीं. १९६४ सालीं केळेवाडींत आपलें नाटकगृह उघडलें, परंतु त्यानंतर दुसऱ्याच वर्षीं दादरला शिवाजी मंदिर सुरू झालें, आणि मराठी नाटकाचा मुक्काम हळूहळू तिकडे सरकला. ठाण्याचें गडकरी रंगायतन १९७८ सालचें. नाटकें पांच अंकांचीं तीन झालीं, तिनांचीं दोन झालीं. याचीं कारणें अनेक आहेत, पण शेवटच्या लोकलची वेळ हें त्यांपैकीं एक निश्चित. मॅजेस्टिक चित्रगृहाच्या जागीं आज दुकानांची इमारत आहे. जेथें 'आलम आरा' प्रथम बोलली, तेथें आतां गिऱ्हाईक बोलतें.

उलट पक्षीं, मोठ्या वास्तूंचें भाग्य मात्र उजळलें आहे. भायखळ्याचें १८७२ सालीं उघडलेलें वस्तुसंग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें, आणि त्याचा जीर्णोद्धार इतका उत्तम झाला कीं युनेस्कोनें त्याचा गौरव केला. १९९३ सालीं बंद पडलेलें रॉयल ऑपेरा हाउस २०१६ सालीं पुन्हां उघडलें. २०१८ सालीं फोर्ट व मरीन ड्राइव्हच्या इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. २०२५ सालीं भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धांवूं लागली, आणि काळबादेवी व गिरगांव अशीं स्थानकें जमिनीखालीं झालीं. त्यासाठीं वरच्या कांहीं जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. आतां गोरेगांवचा रसिक भुयारांतून थेट ठाकुरद्वाराशीं येऊं शकतो, ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु दगड सांभाळणें आणि शेजार सांभाळणें हीं दोन निराळीं कामें आहेत. चाळीच्या जागीं मनोरा उभा राहतो, तेव्हां कायद्यानें भाडेकरूस नवी जागा मिळते. तिच्यांत स्वतंत्र शौचकूप असतें, नळास पाणी असतें, आणि वृद्ध माणसास उद्वाहन असतें. हें सुख नाकारण्याचा अधिकार आपणांस नाहीं. चाळीचें काव्य गाणारे बहुधा चाळ सोडून गेलेले असतात. तरी दोन प्रश्न उरतात. मनोऱ्याची मासिक देखभाल त्या कुटुंबास पेलेल काय? आणि चाळीबरोबर तिचें अंगण, तिचा सज्जा, गल्लींतलें वाचनालय हीं गेलीं, तर त्यांच्या जागीं काय येणार? जर केवळ मोटारींचे मजले येणार असतील, तर आपण घर मिळविलें पण शेजार गमावला असें होईल.

माझा धंदा शिक्षकाचा. त्या अनुभवावरून सांगतों कीं, वर्षांतून एकदां रांगेनें वस्तुसंग्रहालयांत नेलेल्या मुलांपेक्षां, ज्याचें घर ग्रंथालयाजवळ आहे असा मुलगा अधिक शिकतो. पहिला तेथें पाहुणा असतो, दुसरा घरचा. राजधानीनें आपलीं संग्रहालयें आणि नाटकगृहें पाहुण्यांसाठीं सजवावींत. परंतु तीं घरच्यांसाठीं उघडीं राहिलीं नाहींत, तर त्यांत प्रदर्शन उरेल, संस्कार उरणार नाहीं.

यासाठीं फार मोठ्या योजनांची गरज आहे असें मला वाटत नाहीं. जुन्या इमारतींचा पुनर्विकास करतांना तळमजल्यावर एक वाचनाची खोली आणि एक लहान सभागृह राखावें. तें मनोऱ्यांतल्यांस व गल्लींतल्यांस, कोणत्याहि जातीच्या आणि कोणत्याहि मजल्याच्या मुलास सारख्याच हक्कानें मिळावें. जुन्या संस्थांच्या जागांची किंमत आज त्यांच्या सर्व वर्गणीदारांच्या मिळून असलेल्या शिलकीहून मोठी झाली आहे. म्हणून त्या जागा विक्रीच्या मोहापासून वांचविण्याची जबाबदारी कार्यकारी मंडळाच्या चार सभासदांवर न सोडतां सर्व सभासदांनीं जागरूक राहावें. आणि जे आपण श्रोते आहों, त्यांनीं या महिन्यांत जवळच्या एका ग्रंथालयाची वर्गणी भरावी, व तेथें चालत जावें. चालत जातां येण्याजोगें ग्रंथालय जवळ नसेल, तर तें कां नाहीं हा प्रश्न आपल्या नगरसेवकास विचारावा.

राजधानी कागदावरच्या हुकुमानें होते, तशी ती दुसऱ्या हुकुमानें हलविलीहि जाते. बिऱ्हाडांनीं आणि संस्थांनीं मिळून जी राजधानी केली, ती हलविण्यास हुकूम लागत नाहीं; एकेक खोली रिकामी झाली, एकेक वर्गणीदार कमी झाला, कीं ती आपोआप उठून जाते. मुंबईंत ती अद्याप पुरती उठलेली नाहीं. केळेवाडींत अजून पडदा वर जातो, केशवजी नाईकांच्या चाळींत अजून गणपति बसतो, आणि एशियाटिकच्या पायऱ्यांवर अजून मुलें वाचीत बसलेलीं दिसतात. त्या पायऱ्यांपासून त्यांचें घर किती दूर असावें, हें ठरविणें मात्र आपल्या हातीं आहे.